प्रिन्स एडवर्ड आयलंडवर काम आहे का? त्याआधी विचारा, किती महिने आहे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही मंचरकडचे, बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेले, घरची सातगाव पठारावर बटाट्याची शेती. पत्नी नर्स आहे. कॅनडाला जायचं जवळजवळ ठरलंय आणि कुणीतरी प्रिन्स एडवर्ड आयलंडचं नाव सुचवलंय, कारण "तिथं सगळा बटाटाच आहे." तुम्हाला हे जाणून घ्यायचंय की एवढंसं बेट प्रांत म्हणून चालतं कशावर, माणसं कशी आहेत, हिवाळ्यात काम असतं का, आणि पुढेमागे चार एकर स्वतःची जमीन घेता येईल का.

मी बरीच वर्षं याच बेटावर पीक सल्लागार म्हणून काम करतोय, त्यातली बहुतेक बटाट्याच्या शेतांवर. माती, फेरपालट, साठवण, हंगामी मजूर आणि शेतकऱ्यांची बँकेची गणितं मी जवळून पाहिली आहेत, त्यामुळे त्यावर खात्रीने बोलेन. व्हिसाचे नियम दर काही महिन्यांनी बदलतात आणि ते माझं क्षेत्र नाही, म्हणून त्या भागात फक्त दिशा सांगेन. बरंचसं तुमच्या पत्नीच्या इथल्या नर्स म्हणून नोंदणीवर, तुमच्या इंग्रजीवर आणि तुम्ही शहरात राहणार की गावात यावर अवलंबून आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

मुळात "काम आहे का" हा इथं नेमका प्रश्न होत नाही. मे ते ऑक्टोबर या काळात बेटावर माणूस मिळत नाही अशी ओरड असते आणि फेब्रुवारीत त्याच गावातला निम्मा पुरुषवर्ग घरी बसलेला असतो. म्हणून कुठल्याही नोकरीबद्दल पहिला प्रश्न "किती महिने?" हा असावा. बाकीचं सगळं त्यातून उलगडत जातं, आणि ते समजायला थोडा भूगोल लागतो.

हा अख्खा प्रांत सुमारे ५,६६० चौरस किलोमीटरचा आहे. सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटरचा, म्हणजे त्याहून किंचित मोठा. पण २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात साडेआठ लाख माणसं होती आणि इथं २०२१ मध्ये होती १,५४,३३१. त्यानंतर स्थलांतरितांमुळे आकडा वेगाने वाढला. एवढ्या माणसांना स्वतःचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री आहे, २७ आमदारांची विधानसभा आहे, स्वतःचं आरोग्य खातं आणि जमिनीचे स्वतःचे कायदे आहेत. आकाराने सर्वांत लहान प्रांत असूनही लोकवस्तीची घनता कॅनडातल्या सगळ्या प्रांतांत इथंच जास्त आहे. आपल्या डोळ्यांना मात्र तो ओसाडच वाटतो, तयारी ठेवा.

बेट चंद्रकोरीसारखं आहे. टोकापासून टोकापर्यंत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास लांब, रुंदी कुठे सहा तर कुठे चौसष्ट किलोमीटर. सर्वांत उंच जागा १४२ मीटर, म्हणजे डोंगर असा नाहीच. खाली लाल वालुकाश्म आणि वर त्याच्याच झिजेची लाल, बारीक वाळूची पोयटा माती. कोळसा नाही, तेल नाही, धातू नाही, मोठी नदी नाही. पिण्याचं पाणी संपूर्णपणे भूजलातून येतं. जमिनीत जे पिकतं आणि भोवतालच्या उथळ पाण्यात जे सापडतं, तेवढ्यावरच बेट पिढ्यान्‌पिढ्या जगलं. उत्तरेला सेंट लॉरेन्सचं आखात, दक्षिणेला नॉर्थम्बरलँडची सामुद्रधुनी. जानेवारी ते एप्रिल या दोन्हींत बर्फ असतो.

मुख्य भूमीशी जोडणारा कन्फेडरेशन पूल ३१ मे १९९७ ला सुरू झाला. लांबी १२.९ किलोमीटर. त्याआधी फेरीबोट, आणि हिवाळ्यात बर्फ फोडत जाणारी बोट. १८७३ साली बेट कॅनडात सामील झालं ते रेल्वेच्या कर्जाने कंबरडं मोडल्यामुळे, आणि सामील होताना मुख्य भूमीशी बारमाही वाहतूक राखण्याची जबाबदारी केंद्रावर टाकून घेतली. गंमत अशी की कॅनडा देश करायचा की नाही याची पहिली बैठक सप्टेंबर १८६४ मध्ये याच बेटाच्या राजधानीत, शार्लटटाउनला झाली, आणि यजमान मात्र १८६७ मध्ये त्या देशात गेलेच नाहीत. पुलाचा टोल बेट सोडताना भरावा लागतो. तो पन्नास डॉलरच्या पुढे गेला होता, ऑगस्ट २०२५ पासून २० डॉलर केला. वारं ताशी ७० किलोमीटरच्या पुढे गेलं की ट्रक आणि उंच वाहनं थांबवतात. मग दुकानातला भाजीचा रॅक दुसऱ्या दिवशी अर्धा रिकामा दिसतो.

माणसांबद्दल. मूळचे मिगमॉ आदिवासी. लेनॉक्स आयलंड आणि अ‍ॅबेगवेट हे त्यांचे दोन समाज आज इथं आहेत. मग फ्रेंच अकेडियन आले. १७५८ मध्ये ब्रिटिशांनी त्यातल्या बहुतेकांना जहाजांत भरून हाकललं. जे लपले किंवा परतले त्यांचे वंशज आजही पश्चिमेकडच्या एव्हांजेलीन भागात फ्रेंच बोलतात. नंतर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले आणि आयर्लंडचे. आजचा बहुसंख्य शेतकरी यांच्यातलाच.

पण बेटाच्या स्वभावाची किल्ली जमिनीत आहे. १७६७ साली लंडनमध्ये बेटाचे ६७ तुकडे पाडून सोडत काढली. एकेक तुकडा सुमारे वीस हजार एकरांचा. ते मिळाले सरकारदरबारी वजन असणाऱ्यांना. बहुतेकांनी बेट कधी पाहिलंही नाही. जंगल तोडून शेत करायचं कुळाने आणि भाडं पाठवायचं इंग्लंडला. कोकणातल्या माणसाला खोती म्हटलं की जे कळतं, ते इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला "लँडलॉर्ड" या शब्दात कळतं. शंभर वर्षं भांडण चाललं. कुळांनी भाडं न देण्याच्या संघटना काढल्या, सैनिक बोलवावे लागले. शेवटी कॅनडात सामील झाल्यावर मिळालेल्या पैशाच्या जोरावर १८७५ च्या कायद्याने सक्तीची खरेदी होऊन जमिनी कसणाऱ्यांकडे आल्या. त्यामुळे "बाहेरचा माणूस जमीन घेतोय" हे वाक्य इथं आजही साधं नाही. तुमच्या चार एकरांकडे येईन तेव्हा याची आठवण ठेवा.

आता बटाटा. कॅनडाच्या बटाट्याचा साधारण पाचवा हिस्सा हे बेट पिकवतं, सुमारे ८० ते ८५ हजार एकरांवर. त्यातला अर्ध्याहून अधिक फ्रेंच फ्राईजच्या कारखान्यांकडे, बाकी खाण्यासाठी, आणि थोडा बेण्यासाठी. मुख्य वाण रसेट बरबँक: लांबट, उशिरा तयार होणारा, फ्राईजसाठी चोख. सरासरी एकरी तेरा-चौदा टन पकडा. इथं हिशोब शंभर पौंडांच्या 'हंड्रेडवेट'मध्ये चालतो, त्याची सवय करावी लागते.

तुम्ही पठारावर पावसाळी बटाटा बघितलाय, त्यामुळे फरक लगेच कळेल. तिकडे जूनच्या पावसावर लावून सप्टेंबर-ऑक्टोबरला काढायचा. इकडे मे महिन्यात बर्फाचं पाणी उतरून जमीन वाफशावर आली की लागवड, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून काढणी. मध्ये जेमतेम चार महिने. ऑक्टोबर संपायच्या आत सगळं आत यायला हवं, नाहीतर जमीन गोठते. २०१८ मध्ये पाऊस आणि अवेळी थंडी यांनी गाठलं आणि सुमारे सात हजार एकर बटाटा जमिनीतच राहिला. काढणीच्या त्या पाच-सहा आठवड्यांत शेतकरी, त्याची बायको, शेजारी, शाळेतली पोरं, सगळे यंत्रांवर असतात. पूर्वेच्या काही शाळांना बटाटा काढणीची सुट्टी असायची ती यासाठीच.

माती हलकी, आम्ल आणि उतारावर वाहून जाणारी. सामू (पीएच) वाढवायला चुना घालावा लागतो, पण फार वाढवला तर खवड्या हा बटाट्याच्या सालीचा रोग येतो. म्हणून बटाट्याच्या रानात तो सहाच्या खालीच ठेवण्याकडे कल असतो. सेंद्रिय पदार्थाची घसरण हा माझ्या कामातला रोजचा विषय. तीन वर्षांत एकदाच बटाटा घ्यायचा हा इथं सल्ला नसून २००२ चा कायदा आहे. नऊ टक्क्यांहून जास्त उतारावर जवळपास मनाईच, आणि ओढ्याकाठी १५ मीटर पट्टा मोकळा सोडायचा. त्याला कारण आहे. उन्हाळ्यातल्या एका जोरदार सरीने वरंब्यातली लाल माती आणि त्यावरची औषधं ओढ्यात गेली आणि मासे पालथे पडले, असं अनेकदा घडलंय. खताचं नत्र झिरपून विहिरीत नायट्रेट म्हणून उतरतं आणि तेच पाणी सगळं बेट पितं. म्हणून इथल्या शेतकऱ्याचं बटाट्याला किती नत्र द्यायचं हे ठरवणं गावकऱ्यांच्याही जिव्हाळ्याचं असतं. सिंचनाचंही तसंच. बहुतेक बटाटा पावसावर. शेतीसाठी मोठ्या क्षमतेच्या बोअरवर २००२ मध्ये स्थगिती आली, २०२१ मध्ये पाण्याचा नवा कायदा लागू झाला, आणि "शेतकऱ्याला पाणी द्यायचं की भूजल राखायचं" हा वाद अजून चहाच्या टेबलावर आहे. २०२० च्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला धार आली. महाराष्ट्रातल्या माणसाला हे नवं नाही. फक्त इथं ४० मिलिमीटर कमी पडला तरी लोक दुष्काळ म्हणतात, तेव्हा हसू आवरायचं.

एका पिकावर किती भार टाकायचा, याचं उत्तर नोव्हेंबर २०२१ ने दिलं. पोटॅटो वॉर्ट नावाची बुरशी आहे. बटाट्याच्या डोळ्यांवर फ्लॉवरसारख्या गाठी येतात, माणसाला अपाय नाही, पण बीजाणू मातीत दशकानुदशकं टिकतात. दार्जिलिंगच्या डोंगरातला बटाटा बाहेर नेण्यावर याच रोगापायी निर्बंध आहेत. बेटावर तो २००० मध्ये सापडला होता. २०२१ च्या शरदात आणखी दोन शेतांत सापडला आणि २२ नोव्हेंबरला कॅनडा सरकारनेच अमेरिकेकडे जाणारा ताजा बटाटा थांबवला. त्या वर्षी पीक उत्तम होतं, कोठारं छतापर्यंत भरलेली. शेवटी कोट्यवधी किलो चांगला बटाटा बर्फ उडवायच्या यंत्रांनी ठेचून गोठलेल्या शेतात पसरला. २०२२ च्या वसंतात खाण्याचा बटाटा पुन्हा जायला लागला. बेण्याचं दार मात्र बंदच राहिलं. त्या हिवाळ्यात मी ज्या कोठारांत जायचो तिथं कुणी फार बोलत नसे.

कारखान्यांचंही असंच. मॅककेनचा बोर्डन-कार्लटनचा फ्राईज कारखाना २०१४ मध्ये बंद झाला. त्यानंतर न्यू अ‍ॅननचा कॅव्हेंडिश फार्म्सचा कारखाना हाच मोठा खरेदीदार उरला. तो आयर्व्हिंग या बड्या उद्योजक घराण्याचा आहे. भाव हंगामाआधी करारात ठरतो, मग लांबी, घनता, खरचटलेल्या मालाचं प्रमाण यावर कमीजास्त होतो. मंचर भागातले शेतकरी वेफर्सच्या कंपन्यांशी करार करतात, त्यांना ही भाषा परकी वाटणार नाही. खरेदीदार एक आणि विकणारे अनेक असले की करारातल्या कुठल्या ओळीला वजन असतं, हेही तुम्हाला सांगायला नको.

आणि इथेच तुमच्या हिवाळ्याचं उत्तर आहे. बटाटा शेतात चार-पाच महिने असतो पण कोठारात आठ-नऊ. फ्राईजचा माल साधारण आठ अंशांच्या आसपास ठेवतात, कारण त्याखाली स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर काळा पडतो. खाण्याचा माल त्याहून थंड. पंखे, आर्द्रता, कोंब रोखणं, कुजका ढीग वेळीच ओळखणं, मग वर्गवारी, पिशव्या भरणं, ट्रक लादणं हे पुढच्या जूनपर्यंत चालतं. म्हणून शेतावर नोकरी बघत असाल तर ज्याच्याकडे स्वतःचं कोठार आणि वर्गवारीची लाईन आहे त्याच्याकडे बघा. नुसती लागवड-काढणी करून माल थेट कारखान्याला देणाऱ्याकडे नोव्हेंबरनंतर तुम्हाला द्यायला काम नसतं.

समुद्राचं गणित वेगळं, हंगाम मात्र आणखी कडक. शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, हे इथलं सोनं. परवाने बाराशेच्या आसपास, आणि ते वाढत नाहीत. वडिलांकडून मुलाकडे जातात किंवा एखाद्या घराच्या किमतीहून अधिक पैशाला विकले जातात. उत्तर आणि पूर्व किनाऱ्याला वसंतातला हंगाम: एप्रिलअखेर ते जूनअखेर. पश्चिमेच्या सामुद्रधुनीत ऑगस्ट ते ऑक्टोबर. दोन महिन्यांत वर्षाची कमाई. सापळे टाकायच्या पहिल्या दिवशी पहाटे गावंच्या गावं धक्क्यावर येतात, पाद्री होड्यांना आशीर्वाद देतात. बघण्यासारखा दिवस असतो. शेवंडी सोलणारे, गोठवणारे कारखाने त्याच दोन महिन्यांत रात्रंदिवस चालतात आणि तिथं मेक्सिको, फिलिपीन्स, जमैकाहून तात्पुरत्या परवान्यावर आलेले मजूर मोठ्या संख्येने असतात. शिणाण्यांची शेती, म्हणजे मसल्स, त्या मानाने बारमाही आहे. दोरांना लटकवलेल्या जाळीच्या मोज्यांत ती वाढवतात, आणि हिवाळ्यात खाडीवरच्या बर्फाला भोक पाडून पाणबुड्या खाली उतरतो. कॅनडातली पाचांतली चार शिणाणी याच बेटाची. मॅलपेक खाडीची कालवं तर जगभर नावाजलेली. दुर्दैवाने २०२४ मध्ये त्या भागात कालवांना मारणारा एमएसएक्स हा रोग सापडला, आणि आता लहान कालवंवाल्यांची झोप उडाली आहे. शेती काय, समुद्र काय, एक सूक्ष्मजीव पुरतो.

पर्यटनावर फार वेळ घालवत नाही. लाल किनारे, वाळूच्या टेकड्या, गोल्फ, आणि १९०८ च्या एका कादंबरीतल्या लाल केसांच्या अनाथ मुलीचं हिरव्या छपराचं घर बघायला कॅव्हेंडिशला येणारी माणसं, त्यात जपानी बरेच. जुलै-ऑगस्ट भरगच्च. सप्टेंबरनंतर अर्धी हॉटेलं फळ्या ठोकून बंद.

बारा महिने पगार देणारं जे काही आहे, ते बहुधा सरकार आणि त्याच्या आसपासचं. माजी सैनिकांच्या कल्याणाचं केंद्रीय खातं आपलं मुख्यालय शार्लटटाउनला ठेवून आहे. राजधानी ओटावाच्या परिसराबाहेर मुख्यालय असलेलं ते एकमेव केंद्रीय खातं. समरसाइडचा हवाईदलाचा तळ १९९० च्या सुमारास बंद करायचं ठरलं तेव्हा भरपाई म्हणून तिथं केंद्राचं कर कार्यालय आणलं, आणि जुन्या तळावर, स्लेमन पार्कमध्ये, विमानाची इंजिनं दुरुस्त करणारे उद्योग आले. शार्लटटाउनला विद्यापीठ आहे, त्याचं पशुवैद्यकीय महाविद्यालय नावाजलेलं. औषधं आणि जैवतंत्रज्ञानाच्या काही कंपन्या आहेत. दूधधंदा कोटा पद्धतीने चालतो, भाव ठरलेला, त्यामुळे तिथलं उत्पन्न स्थिर. पण कोटा विकत घ्यायलाच मोठं भांडवल लागतं.

या हंगामी घडीला टेकू आहे तो केंद्राच्या बेकारी विम्याचा. जुने लोक त्याला "पोगी" म्हणतात. हंगामात ठराविक तास भरले, विभागातल्या बेरोजगारीप्रमाणे ४२० ते ७०० तास, की हिवाळ्यात काही आठवडे पगाराचा एक भाग मिळतो. बेट २०१४ पासून दोन विभागांत आहे, राजधानीचा एक आणि बाकी बेटाचा दुसरा, त्यामुळे विभागाच्या सीमेच्या एका बाजूच्या गावाला जेवढे तास लागतात तेवढे शेजारच्या गावाला लागतीलच असं नाही. त्यावरून इथं निवडणुका तापतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लोक आळशी आहेत. मला तसं वाटत नाही. जो माणूस मे-जूनमध्ये पहाटे तीनला समुद्रात आणि सप्टेंबरमध्ये रात्री दहापर्यंत हार्वेस्टरवर असतो, त्याच्या धंद्याला बर्फात काम नाही हा त्याचा दोष नाही. पण तुम्ही नवे, कामाच्या परवान्यावर. तुमच्यासाठी तो विमा हा योजनेचा पाया होऊ शकत नाही. तो असला तर असला.

तर इथवरचा मथितार्थ असा: बेटाची कमाई सहा महिन्यांत होते, बारमाही पगार सरकार, आरोग्य, शिक्षण, दूध, काही उद्योग आणि कोठारवाले मोठे शेतकरी यांच्याकडे आहे, आणि जमीन ही भावनेची बाब आहे.

आता तुमच्या घरचा विचार. स्पष्ट सांगतो, तुमच्या दोघांत या बेटाला जास्त गरज तुमच्या पत्नीची आहे. शार्लटटाउनचं क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल, समरसाइडचं प्रिन्स काउंटी हॉस्पिटल आणि वृद्धाश्रम या सगळीकडे नर्सेस कमी पडतात. हजारो लोक फॅमिली डॉक्टरच्या प्रतीक्षायादीत आहेत, यावरून आरोग्याची ओढाताण कळेल. त्यांची कागदपत्रं तपासणं, इंग्रजीची परीक्षा आणि एनसीएलएक्स ही नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा, हे सगळं भारतातूनच सुरू करता येतं. त्यात महिने जातात, कधी वर्षही. ते पूर्ण झालं की घराला बारा महिन्यांचा पगार येतो आणि तुम्ही तुमच्या कामाबद्दल निवांत निवड करू शकता. बहुतेक जोडपी उलटं करतात: नवरा आधी कुठल्याही कामावर येतो, बायको नोंदणी न करता मागून येते, मग दोघं दुकानात रात्रपाळी करतात. शिकलेली नर्स बिलं करताना बघून मला वाईट वाटतं.

तुमच्यासाठी माझा सल्ला मजूर म्हणून न येता पीक तपासनीस, माती-नमुने, बेणे प्रमाणीकरण, कोठार व्यवस्थापन असल्या कामांकडे बघण्याचा आहे. करपा ओळखता येणं, फवारणीच्या नोंदी ठेवणं, शेतकऱ्याशी न लाजता बोलणं याला किंमत आहे. फवारणीसाठी प्रांताचं प्रमाणपत्र लागतं, ते आल्यावर मिळवता येतं. गाडी चालवता येणं मात्र सक्तीचं समजा. शार्लटटाउन-समरसाइड सोडलं तर गाडीशिवाय तुम्ही घरात अडकून पडाल.

कायम वास्तव्याबद्दल सावध करतो. २०२४ च्या सुरुवातीला प्रांताने दुकान, हॉटेल, सेवा क्षेत्रातल्या लोकांची नामांकनं, म्हणजे कायम वास्तव्यासाठी प्रांताने करायच्या शिफारशी, एकदम कमी केली आणि आरोग्य, बांधकाम, बालसंगोपन यांना प्राधान्य दिलं. मे महिन्यात शार्लटटाउनला विधानसभेबाहेर भारतीय तरुणांनी तंबू ठोकले, उपोषणही केलं. २०२५ च्या सुरुवातीला केंद्राने सगळ्याच प्रांतांचे कोटे जवळपास निम्मे केले. तेव्हा "बेटावर लगेच पीआर (कायम वास्तव्य) मिळतो" असं सांगणारा एजंट दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतोय. खरे नियम प्रांताच्या आणि केंद्राच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. परवाना असलेला सल्लागार असेल तरच पैसे द्या.

जमीन. १९८२ च्या जमीन संरक्षण कायद्याने एका व्यक्तीला जास्तीत जास्त एक हजार एकर, कंपनीला तीन हजार एकर. जो प्रांताचा रहिवासी नाही त्याला पाच एकरांहून अधिक किंवा १६५ फुटांहून जास्त किनारपट्टी घ्यायची तर सरकारची परवानगी लागते. म्हणजे तुमचे चार एकर कायद्यात बसतील. पण चार एकरांत बटाटा करणारा इथं कुणी नाही. १९५१ मध्ये बेटावर दहा हजारांच्या वर शेतं होती, २०२१ मध्ये बाराशेच्या आसपास उरली, सरासरी चारशे एकरांची. हार्वेस्टर, कोठार, ट्रक यांचा खर्च तेवढ्या जमिनीवरच निघतो. चार एकरांत भाजीपाला, लसूण, पॉलिहाऊसमध्ये मेथी-मिरची करून शार्लटटाउनच्या शनिवारच्या बाजारात विकणारे मी पाहिलेत, ते नोकरी सांभाळून करतात. तुम्हाला तसंच करता येईल, पण पाच वर्षांनी, आणि किनाऱ्याला लागून जमीन घेऊ नका. लाल कडा दरवर्षी सरासरी फूटभर मागे सरकते, आणि सप्टेंबर २०२२ च्या फिओना वादळाने काही ठिकाणी एका रात्रीत कित्येक मीटर नेली.

लोक मदतीला धावतात हे खरं आहे. बर्फात गाडी अडकली तर तिसरी गाडी थांबतेच. पण पहिला प्रश्न असतो, "तुमचे वडील कोण?" म्हणजे तुम्ही कुठल्या गावचे, कुठल्या घरचे. त्याचं उत्तर आपल्याकडे नसतं आणि तुम्ही वीस वर्षं राहिलात तरी "बाहेरून आलेले"च राहता. ओंटारिओहून आलेल्या गोऱ्या माणसालाही ते तसंच म्हणतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. भारतीयांत पंजाबी आणि मल्याळी जास्त भेटतात, मराठी घरं मोजकी. डाळ-तांदूळ, पीठ, मसाले शार्लटटाउनला मिळतात. ताजी कोथिंबीर फेब्रुवारीत महाग पडते.

कधी यावं, हे तुम्ही विचारलं नाहीये पण त्यावर बरंच अवलंबून आहे. शेतीतल्या बऱ्या नोकऱ्या जानेवारी ते मार्चमध्ये ठरतात, तेव्हा अर्ज तिकडूनच करा आणि एप्रिलच्या शेवटी या. घर बघताना करार नीट वाचा. सप्टेंबर ते मे एवढ्याच काळासाठी घरं भाड्याने देणारे इथं पुष्कळ आहेत, कारण उन्हाळ्यात तीच जागा पर्यटकांना आठवड्याच्या दराने जाते. भाडेवाढीवर प्रांताची मर्यादा आहे आणि ती भाडेकरूला नसून जागेला लागू असते, त्यामुळे आधीचा भाडेकरू किती देत होता हे घरमालकाला विचारायला संकोच करू नका. बारा महिन्यांचा लेखी करार मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नका.

पत्नीची नोंदणी कुठल्या टप्प्यावर आहे आणि तुम्ही पठारावर स्वतः बेणं निवडणं, साठवणं यातलं काय काय केलंय ते लिहा. त्याप्रमाणे कुठल्या प्रकारच्या शेतांकडे अर्ज करावा ते सांगतो.